हिरव्या इंधनाचा हिशेब

'हिरवा' हा शब्द अलीकडे इतका पवित्र झाला आहे की, ज्या गोष्टीला तो लावावा तिच्याविषयी प्रश्न विचारणेही पाप ठरावे. उसापासून इथेनॉल काढून पेट्रोलमध्ये मिसळले म्हणजे धूर कमी होतो, परकीय चलन वाचते आणि अन्नदाता शेतकरी ऊर्जादाता होतो, असे आपणांस सांगण्यात येते. वीस टक्के मिश्रणाचे २०३० चे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्येच गाठले. हे यश मी नाकारीत नाही. माझा आक्षेप हिशेबावर आहे. त्यात एक नाव लिहायचे राहून गेले आहे, आणि ते चुकून राहिलेले नाही.

ओझरला कुकडीच्या काठी उभे राहून पाहावे. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या धरणांनी जुन्नर-आंबेगावचा सखल भाग बागायती केला. डिंभ्याच्या जलाशयात जुने आंबेगाव गेले, महादेव कोळ्यांची भातखाचरे गेली. पाणी मात्र खाली उसाला मिळाले. लाभ एकाचा, किंमत दुसऱ्याची, ही विकासाची जुनी रीत. हरित युगातही तीच चालणार असेल, तर रंगाखेरीज बदलले काय?

दिवाळी सरली की उसाच्या पट्ट्यात कोप्या उभ्या राहतात. बीड आणि अहिल्यानगरच्या कोरडवाहू गावांतून माणसे मुकादमाची उचल घेऊन येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'! माणसांच्या जोडीला आपण अवजाराचे नाव दिले आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा कुठे तो टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. ज्या उसात बिबट्या लपतो त्याच्याच बांधाला यांची लेकरे निजतात. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ च्या शासकीय चौकशीत आढळले. हे आकडे कोणत्या हिरव्या खात्यात मांडायचे?

आणि विपर्यास पाहा. पाऊस हुकतो म्हणून हा मनुष्य गाव सोडतो; ज्या इंधनाने हवामान सावरेल असे म्हणतात, त्याचाच कच्चा माल तो तोडतो. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. कारखान्यांच्या नुकसानीची चर्चा झाली. तोडणाऱ्याच्या बुडालेल्या हंगामाचा विचार किती जणांनी केला?

"यंत्र आले तर या कष्टांतून सुटकाच नाही का?" असे सुशिक्षित विचारतात. सुटका जरूर व्हावी. परंतु ऊसतोडणी यंत्र घेणाऱ्यास शासनाने २०२३ मध्ये किमतीच्या ४० टक्के, कमाल ३५ लाख रुपये अनुदान देऊ केले. त्या यंत्रामुळे ज्याचा कोयता खाली पडेल, त्याला काय देऊ केले? कष्टांतून सुटका आणि कामावरून सुटका या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ख्रिस्तसभेने याविषयी संदिग्ध राहू नये. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात निसर्गाची हानी आणि गरिबांची वंचना ही एकाच अन्यायाची दोन अंगे मानली. संत याकोबाने तर शेत कापणाऱ्यांची मजुरी बुडवणाऱ्या धनवंतांनाच इशारा दिला आहे. त्याहून स्पष्ट काय हवे?

म्हणून मागणी हवी ती न्यायाची, दयेची नव्हे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याची तरतूद आहे. तशीच इथेनॉलच्या लिटरमागे ठरावीक रक्कम घ्यावी. ती यंत्रामुळे काम गमावणाऱ्यांना नवा व्यवसाय शिकवण्यासाठी आणि त्यांच्या गावी पाणी अडवण्यासाठी खर्च व्हावी. तोडणी करणाऱ्यांच्या प्रतिनिधींना धोरण ठरवताना बरोबरीचे आसन मिळावे.

आपल्या धर्मग्रामांनीही केवळ रोप लावून छायाचित्र काढण्यावर समाधान मानू नये. जवळच्या कोप्यांतील मुले या हंगामात शाळेत जातात का, त्यांच्या शिधापत्रिकेवर इथे धान्य मिळते का, मुकादमाने हिशेब लेखी दिला का, एवढे तीन प्रश्न प्रत्येक कुटुंबाने विचारावेत. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांच्या हातातही परक्याच्या शेतातला विळाच होता. ज्यांना त्याचा विसर पडला, त्यांनी पृथ्वीमातेच्या प्रेमाच्या गोष्टी जरा बेतानेच कराव्यात.