घराचा सौदा मोडला, स्वाभिमान मोडू देऊ नका!

स्वतःचे घर ही आपल्या समाजातील नोकरदार माणसाची आयुष्यभराची कमाई असते. आजोबा गावकुसाबाहेरून शहरात आले, गिरणीत किंवा नगरपालिकेच्या सफाई खात्यात राबले आणि चाळीतल्या एका खोलीत सात-आठ माणसांचा संसार त्यांनी केला. बाप शिकला, सरकारी नोकरीत लागला, भाड्याच्या दोन खोल्यांत आला. आता नातू आणि नातसून दोघेही कमावतात आणि कर्ज काढून फ्लॅट घ्यायला निघतात. अशा कुटुंबाने विसार दिला, बँकेचे कर्ज मंजूर झाले, घरात पडद्यांच्या रंगाची चर्चा सुरू झाली आणि खरेदीखताच्या तोंडावर मालकाने 'नाही' म्हटले, तर अडकतात ते फक्त पैसे नव्हेत. तीन पिढ्यांची उमेद अडकते. हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरातला म्हणून आपण सोडून देतो. आम्हाला तो समाजाचा प्रश्न वाटतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या परिचयातील नाशिकच्या एका कुटुंबाची ही हकीकत. पती बँकेत, पत्नी शिक्षिका. बारा वर्षे भाड्याच्या घरात काढल्यावर त्यांनी एका सोसायटीतील जुना फ्लॅट पसंत केला. भाव ठरला, चेकने एक लाख रुपये विसार दिला. कर्ज मंजूर झाले, वकिलाचा शोध अहवाल आला. आडनावावरून काही कळण्यासारखे नव्हते. खरेदीखताचा मसुदा दाखवायला म्हणून एका संध्याकाळी मालक आणि त्यांच्या सौभाग्यवती या कुटुंबाच्या घरी आले. समोरच्या भिंतीवर तथागत बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. चहा आला. "आम्ही हल्ली चहा सोडलाय," असे म्हणून दोघांनी कप तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी एजंटाचा फोन आला: मालकांच्या मुलाचा विचार बदलला आहे, फ्लॅट विकायचा नाही. पुढे दीड महिन्याने तोच फ्लॅट दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकला गेला, आणि तोही पन्नास हजार रुपये कमी भावाने! विसाराचे पैसे परत मिळायला वकिलाची नोटीस पाठवावी लागली. शोध अहवालाचा खर्च आणि बँकेची प्रोसेसिंग फी गेली ती गेलीच.

प्रत्येक मोडलेल्या सौद्यामागे जात असते, असे आम्ही म्हणणार नाही. कधी मालकाच्या भावाबहिणींचा वारसाहक्काचा वाद असतो, कधी जास्त भाव देणारे गिऱ्हाईक मिळते, कधी कागदपत्रेच सदोष असतात. असे सौदे सर्वांचेच मोडतात आणि त्यात रडण्यासारखे काही नाही. पण ज्याला भाव मान्य होता, कागद मान्य होते, माणूस मान्य होता, तो भिंतीवरचा फोटो पाहून फिरतो आणि नंतर कमी भावाने दुसऱ्याला विकतो, तेव्हा कारण शोधायला पंचांगाची गरज नाही. शहरात जात राहिली नाही, बाजाराला फक्त पैसा कळतो, असे सांगणाऱ्या विद्वानांनी या पन्नास हजारांचे उत्तर द्यावे. जातीसाठी पदरचे पैसे घालवायला माणूस तयार होतो, याचा अर्थ जात त्याला नफ्याहून प्रिय आहे. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांतील भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ साली तो प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नावावरून कसे टाळले जाते, हे त्यांनी दाखवून दिले. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला ती मराठी आहे म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ झाला. तो योग्यच होता. पण आपल्या माणसांना मराठी माणसानेच घर नाकारल्याच्या घटना वर्षानुवर्षे घडत आल्या, तेव्हा हा गदारोळ कोठे होता?

आता त्या कुटुंबाकडे पुन्हा वळू. सौदा मोडल्यावर पती कोणाशी बोलेना. भाड्याच्या घराच्या मालकाला 'दोन महिन्यांत खोली सोडतो' असे सांगून ठेवले होते, आता त्याच्याकडे जाऊन विनवणी करावी लागली. नातेवाईक विचारत, 'वास्तू कधी?' त्यांना काय सांगायचे? शेवटी पती म्हणाले, "पुढच्या वेळी कोणी बघायला आले, तर फोटो आतल्या खोलीत ठेवू." पत्नीने त्यावर एकच विचारले, "आणि नव्या घरात गेल्यावर कुठे ठेवायचा?" आमच्या मते या प्रश्नातच सारे काही आले. घर मिळवण्यासाठी आज फोटो आत गेला, तर उद्या जयंतीची वर्गणी गुपचूप द्यावी लागेल, परवा मुलांना शाळेत कोणी विचारले तर खोटे बोलायला शिकवावे लागेल. असे घर आपल्या मालकीचे होईल, पण आपण त्यात भाडेकरूसारखेच राहू.

हे आम्ही त्या बांधवाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. नाव झाकण्याची पाळी खुद्द बाबासाहेबांवरही आली होती. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव आला आणि त्याने त्यांना जागा सोडायला लावली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागितला, तोही मिळाला नाही. मुंबईची गाडी येईपर्यंत हा महापंडित कामाठी बागेत बसून राहिला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. दोष नाव झाकणाऱ्याचा नाही, नाव झाकायला लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे. परंतु झाकलेले नाव अकरा दिवसच पुरले, हेही आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

म्हणून सौदा मोडलेल्या माणसाने पहिली गोष्ट करावी ती ही, की नुकसानीचा हिशेब आणि अपमानाचा हिशेब वेगळा मांडावा. नुकसान आपले आहे, ते भरून काढण्याच्या मागे लागावे. लाज मात्र आपली नाही. ती नाकारणाऱ्याने बाळगायची आहे. 'आपलेच काही चुकले' असे म्हणत घरात तोंड लपवून बसणे, बायकोवर किंवा पोरांवर राग काढणे, बाटली जवळ करणे, यातून मालकाचे काही बिघडत नाही, आपलेच घर बिघडते. चार विश्वासू माणसांना घडले ते सांगावे. मुलांनाही त्यांना समजेल अशा शब्दांत खरे सांगावे. लपवलेल्या अपमानाची मुलांच्या मनात भीती होते, सांगितलेल्या अपमानाची जिद्द होते.

दुसरी गोष्ट पैशांची. विसार रोखीने कधी देऊ नये. चेकने किंवा बँकेमार्फत द्यावा आणि पावती घ्यावी. मालकाने माघार घेतल्यास किती दिवसांत, किती भरपाईसह पैसे परत द्यायचे, हे लेखी असावे. 'माघार घेतली तर दुप्पट विसार' ही बोलाचालीची रीत कागदावर नसेल तर कोर्टात तिचा उपयोग होत नाही. शक्य असेल तर साठेखत करून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. साठेखताने घर आपल्या नावे होत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ हेच सांगतो. पण साठेखताच्या आधारे सौदा पुरा करून घेण्याचा दावा लावता येतो. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने ही बाजू अधिक बळकट केली आहे. त्यासाठी आपण पैसे देऊन खरेदीखत करायला सतत तयार होतो, हे दाखवावे लागते, म्हणून कर्जमंजुरीचे पत्र जपून ठेवावे. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. व्यवहार पुरा करण्याची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर मालकाने नकार दिल्याचे कळल्यापासून. पैसे हातात पडल्याशिवाय 'आता काही देणेघेणे राहिले नाही' अशा कागदावर सही करू नये. आणि खरेदीखत नोंदवून चावी हातात येईपर्यंत राहती खोली सोडण्याचा शब्द कोणाला देऊ नये. बिल्डरकडून नवे घर घेत असाल, तर २०१६ च्या रेरा कायद्यानुसार करार नोंदवल्याशिवाय तो किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही आणि ठरल्या मुदतीत ताबा दिला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात.

तिसरी गोष्ट हक्काची. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते. तसे नव्हते हे आरोपीला सिद्ध करावे लागते. किती जणांना हे माहीत आहे? सोसायटी आडवी येत असेल, तर सबळ कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, असे महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा सांगतो; निबंधकाकडे दाद मागता येते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटच्या हस्तांतरणाला सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र सक्तीचेही नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मात्र या साऱ्यासाठी पुरावा लागतो. म्हणून मालकाला आणि एजंटाला नकाराचे कारण लेखी विचारा. आलेले संदेश पुसू नका. कोण, केव्हा, काय बोलले, ते त्याच रात्री तारखेसह वहीत लिहा.

कायद्यात पळवाटा नाहीत असे नाही. २००५ साली गुजरातमधील झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केवळ पारशांनाच सभासद करण्याचा उपविधी वैध ठरवला. त्या समाजाशी आमचे भांडण नाही. पण या निकालाच्या आडून इतरांनी आपापल्या जातीचे कोट बांधले, तर राज्यघटनेच्या कलम १५ आणि १७ ला अर्थ काय उरेल? अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एका आठवड्यात, एप्रिल १९६८ मध्ये, घरांच्या खरेदी-विक्रीत आणि भाड्यात वंशभेद करण्यास मनाई करणारा कायदा झाला. आपल्याकडे खासगी घरांच्या बाजारातील भेदभावाला सरसकट बंदी करणारा कायदा नाही. तो झाला पाहिजे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. मते मागायला वस्तीत येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करणार? आपल्या समाजात आज वकील आहेत, बँक अधिकारी आहेत, नोंदणी खात्यातून निवृत्त झालेले कर्मचारी आहेत. प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर दोन तास हे लोक बसले, घर घेणाऱ्यांचे कागद तपासून दिले, सौदा मोडलेल्यांची नोटीस लिहून दिली, तर किती कुटुंबे वाचतील! जयंतीच्या डीजेवर होणाऱ्या खर्चाचा छोटा हिस्साही या कामाला पुरेसा आहे. एकटा माणूस एजंटापुढे दबतो. त्याच्यासोबत विहारातले चौघे असतील, तर बोलण्याची भाषा बदलते.

बडोद्याच्या बागेत बसलेल्या त्या तरुणाचे वय तेव्हा सव्वीस होते. जेथे राहायला जागा मिळाली नाही, ते शहर त्याने सोडले. ध्येय सोडले नाही. पुढे १९३० च्या दशकात त्याच माणसाने मुंबईत, दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले, कुटुंबाइतकीच जागा ग्रंथांना दिली आणि त्याला नाव दिले 'राजगृह'. नाकारलेल्या माणसाने कसे उभे राहावे, याचा याहून मोठा धडा आम्हाला ठाऊक नाही. नाशिकच्या त्या कुटुंबाने पुन्हा घर बघायला सुरुवात केली आहे. कोणी भेटायला येणार असेल, तर फोटो पुसून स्वच्छ करून समोरच्याच भिंतीवर ठेवतात. ज्याला चहा प्यायचा आहे, त्याच्याशीच सौदा करायचा, असे त्यांनी ठरवले आहे. समाजबांधवांनीही तेच ठरवावे.

जयभीम!