घर विकलें म्हणून बिऱ्हाड उठत नाहीं

"वाड्याचें साठेखत झालें आहे, पुढील महिन्याच्या आंत जागा मोकळी करून द्यावी," असा निरोप घरमालकाकडून येतांच मध्यमवर्गीय कुटुंबास केवढा घोर लागतो, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. पुण्याच्या पेठांत अगर गिरगांवच्या चाळींत दोन-तीन पिढ्या काढलेलें बिऱ्हाड, वृद्ध सासूबाई अंथरुणास खिळलेल्या, मुलगा दूरदेशीं, आणि सल्ला देणारे शेजारी मात्र उदंड! एक सांगतो, मालक बदलला, तुमचा संबंध संपला. दुसरा सांगतो, भाडेकरूस प्रत्यक्ष ब्रह्मदेवहि उठवूं शकत नाहीं. दोन्ही सल्ले सारखेच घातक आहेत.

मूळ तत्त्व अगदीं साधें आहे. घर विकलें जातें तेव्हां तें भाडेकरूसकट विकलें जातें. सन १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०९ व्या कलमान्वयें खरेदीदार हा जुन्या मालकाच्या जागीं उभा राहतो; त्याचे हक्क जसे याला मिळतात तशींच त्याचीं बंधनेंहि याच्या गळ्यांत पडतात. विक्रीची वार्ता नसतां जुन्या मालकासच भाडें दिलें गेलें, तर तें नव्या मालकास पुन्हां द्यावें लागत नाहीं. तथापि विक्रीची सूचना लेखी मागून घ्यावी, आणि खरेदीखत पाहिल्यावांचून तिऱ्हाइताच्या हातीं भाडें देऊं नये.

महाराष्ट्रांत जुन्या भाडेकरूस खरें संरक्षण आहे तें महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ याचें. हा ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला व १९४७ च्या मुंबई भाडेकायद्याची जागा त्यानें घेतली. नियमितपणें भाडें देणाऱ्यास कोणत्या कारणांनीं काढतां येईल, तीं कारणें त्याच्या १६ व्या कलमांत दिलीं आहेत: जागेची नासधूस, लेखी संमतीवांचून पक्कें बांधकाम, पोटभाडेकरू ठेवणें, मालकाची स्वतःच्या वापराची खरीखुरी गरज, इत्यादि. "मालकास घर विकून पैसा करावयाचा आहे" हें कारण त्या यादींत शोधूनहि सांपडावयाचें नाहीं. विक्रीच्या कराराचा उल्लेख तेथें येतो तो निराळ्याच संदर्भांत, आणि तो प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. भाडेकरूनें स्वतः होऊन जागा सोडण्याची नोटीस दिली, तिच्यावर विसंबून मालकानें विक्रीचा करार केला, आणि आतां कब्जा न मिळाल्यास मालकाचें मोठें नुकसान होईल असें न्यायालयास वाटलें, तर कब्ज्याचा हुकूमनामा होऊं शकतो. म्हणजे भाडेकरूनें अधिक भ्यावें तें मालकाच्या खरेदीखतास नव्हे, आपल्याच लेखणीस. भिडेखातर "दिवाळीनंतर जागा सोडतों" असें दोन ओळींचें पत्र लिहून देणारीं सज्जन माणसें आमच्या समाजांत थोडीं नाहींत. भीड ही भिकेची बहीण, हें येथें अक्षरशः खरें होतें.

कांहीं मालक निराळी चाल करतात. ते भाडेंच घेईनासे होतात, आणि मग थकबाकीचा बोभाटा! अशा वेळीं स्वस्थ बसूं नये. भाडें पोस्टानें अगर बँकेमार्फत, नोंद राहील अशा रीतीनें, दरमहा पाठवीत जावें व नाकारल्याचा कागद जपून ठेवावा. थकबाकीची लेखी मागणी बजावल्यापासून ९० दिवस लोटल्याखेरीज मालकास दावा लावतां येत नाहीं. दावा लागल्यावरहि समन्स बजावल्यापासून ९० दिवसांच्या आंत सर्व बाकी व तीवर दरसाल १५ टक्के सरळ व्याज भरलें, पुढें निकालापर्यंत भाडें चालू ठेवलें आणि न्यायालय सांगेल तो खर्च दिला, तर त्या कारणावरून घर जात नाहीं. नळ तोडणें, जिन्यावरचा दिवा बंद करणें, या प्रकारांस २९ व्या कलमाचीच मनाई आहे.

"स्वतःची गरज" हें कारण मात्र हलकें समजूं नये. तेथें न्यायालय उभयतांच्या हालांची तुलना करतें. दुसरी योग्य जागा कोणास उपलब्ध आहे, हें पाहतें. ज्या बिऱ्हाडकरूनें उपनगरांत सदनिका घेऊन कुलूप लावून ठेवली आहे, त्याची बाजू येथें लंगडी पडते. उलटपक्षीं, गरज सांगून कब्जा घेतला आणि एक महिन्यांत मालक राहावयास आला नाहीं, किंवा वर्षाच्या आंत जागा दुसऱ्यास भाड्यानें दिली, तर मूळ भाडेकरूस तेरा महिन्यांच्या आंत अर्ज करून जागा परत मागतां येते.

आमच्या घरांतून होणारी आणखी एक हयगय सांगितली पाहिजे. सुनेच्या बाळंतपणासाठीं म्हणून सासूसासरे अमेरिकेस जातात, आणि सहाचे आठ महिने होतात. योग्य कारणावांचून सलग सहा महिने जागा वापरांत नसणें, हेंहि कब्जा मागण्याचें एक कारण आहे. तिकिटें, पत्रें, विजेचीं बिलें राखून ठेवावीं. तसेंच मूळ भाडेकरू वारल्यावर हक्क प्रथम त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो; भाडेपावती तीस वर्षें आजोबांच्याच नांवें चालू ठेवण्याची आपली पद्धत त्या वेळीं फार नडते.

हें सर्व झालें भाडेकरूविषयीं. सांप्रत तरुण जोडपीं बहुधा अकरा महिन्यांच्या परवाना-करारावर राहतात, त्यांस हें कवच नाहीं. (१ फेब्रुवारी १९७३ रोजीं कब्जांत असलेल्या परवानाधारकांस कायद्यानें भाडेकरू केलें, तो लाभ पुढील लोकांस नाहीं.) सन १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याप्रमाणें खरेदीदारावर असा परवाना बंधनकारक नसतो, आणि मुदतीनंतर जागा अडवून धरल्यास दुप्पट शुल्काची जबाबदारी येते. यास्तव विक्री झाल्यास किती दिवसांची आगाऊ सूचना मिळेल व अनामत कोण परत करील, हें करारांतच लिहून घ्यावें. करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. ती जबाबदारी घरमालकाची आहे.

मालकाचीहि बाजू आहे, आणि ती आम्हांस उपेक्षणीय वाटत नाहीं. जुन्या कायद्यानें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविलें होतें. पुष्कळ ठिकाणीं त्यांत कौलें शाकारण्याचाहि खर्च निघत नसे. हें गोठवणें अवाजवी असल्याचें सर्वोच्च न्यायालयानेंच १९९७ सालीं म्हटलें. आतां दरसाल ४ टक्के वाढीस मुभा आहे, ती कुरकुर न करतां द्यावी. घर विकत घेण्याचा पहिला हक्क भाडेकरूस या कायद्यानें दिलेला नाहीं, हेंहि समजून असावें. मालकानें प्रथम विचारलें तर तो त्याचा चांगुलपणा. सोडावयाचीच झाली तर मोबदला घेऊन जागा सोडण्यास ५६ व्या कलमाची मोकळीक आहे. मात्र तो व्यवहार लेखी व्हावा, आणि रक्कम हातीं पडेपर्यंत किल्ली देऊं नये.

इतकें करूनहि कोणी दांडगाईनें सामान बाहेर काढून कुलूप ठोकलेंच, तर सन १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या ६ व्या कलमान्वयें कब्जा परत मिळविण्याचा दावा करतां येतो. त्याची मुदत घालवून दिल्याच्या दिवसापासून अवघी सहा महिन्यांची आहे.