एका कान्याचे मोल

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीने पत्रातून एक साधा प्रश्न विचारला. त्या लिहितात, ‘बँकेचा इंग्रजी संदेश भ्रमणध्वनीवर एका तुकड्यात येतो आणि तोच मजकूर मराठीत मागवला की दोन-तीन तुकडे होतात. मराठी भाषा इतकी का पाल्हाळिक आहे?’ प्रश्न वाचून मला हसू आले. पण लगेच सोळा-सतरा वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आठवला आणि हसू मावळले. प्रथम तो प्रसंग सांगते, मग उत्तराकडे वळते.

२००९ सालची गोष्ट. माझी धाकटी मावशी धुळ्याला राहत असे. छातीत दुखू लागल्यामुळे तिला दवाखान्यात ठेवले होते आणि त्याच आठवड्यात ती घरी येईल असे डॉक्टरांनी सांगितले होते. एका संध्याकाळी मावसभावाचा संदेश आला. मी स्वयंपाकघरात होते, हात पिठात. तेव्हा मुलाला म्हटले, वाचून दाखव. मुलगा इंदूरात जन्मलेला, हिंदी शाळेत शिकलेला. संदेश रोमन लिपीत होता आणि तारेसारखा तोकडा. मुलाने वाचले, ‘आई परत काल. तुम्ही या.’ म्हणजे मावशी काल घरी परत आली, आता सवडीने भेटायला या! माझ्या आईने देवापुढे साखर ठेवली. रात्रीची गाडी सोडून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो, वाटेत मावशीसाठी फळे घेतली.

धुळ्याला पोहोचल्यावर कळले की ती तीन रोमन अक्षरे, के, ए आणि एल, ‘काल’ नव्हती. ती ‘कळ’ होती. मावशीला पुन्हा कळ आली होती. आदल्या रात्री ती शुद्धीवर होती आणि ‘ताई आली का?’ असे दोनदा विचारत होती. आम्ही गेलो तेव्हा तिने कोणालाच ओळखले नाही. चौथ्या दिवशी ती गेली. माझ्या आईने कोणाला दोष दिला नाही. पण तो संदेश पुसून टाकू नकोस, एवढे मात्र ती मला म्हणाली.

मावसभावाला मी पुढे विचारले, ‘अरे, मराठीतच का नाही लिहिलेस?’ तो म्हणाला, ‘मराठीत लिहिले की एका संदेशाचे दोन होतात आणि पैसेही दुप्पट. शिवाय तुमच्या फोनवर अक्षरे उमटतील की नुसते चौकोन, कोणास ठाऊक!’ त्याचे दोन्ही म्हणणे खरे होते. असे का, हेच आज पाहावयाचे आहे.

या लघुसंदेशांचे नियम युरोपात १९८० नंतरच्या दशकात ठरले. फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे जर्मन अभियंते त्या कामात प्रमुख होते. १९८५ साली बॉन येथील घरी टंकलेखन यंत्रापुढे बसून त्यांनी मनात येतील ती वाक्ये टंकित केली आणि अक्षरे मोजली. बहुतेक सारी १६० च्या आत बसली. पोस्टकार्डांवरचे मजकूर आणि टेलेक्सचे संदेशही सामान्यतः तेवढेच असतात, असे त्यांना आढळले. संदेश पाठवायचा होता तो संभाषणाच्या वाटेने नव्हे, तर फोन व मनोरा यांच्यात खाणाखुणांसाठी राखलेल्या चिंचोळ्या वाटेने. त्या वाटेवर एका खेपेला १४० बाइट एवढाच मजकूर जातो. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे एकूण १,१२० बिट. बिट म्हणजे शून्य किंवा एक एवढीच खूण.

आता हिशेब पाहा. सात बिटांनी १२८ निरनिराळ्या खुणा दाखवता येतात. रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे, युरोपीय भाषांतील काही विशेष अक्षरे आणि थोडी ग्रीक अक्षरे एवढ्यांना त्या पुरेशा झाल्या. १,१२० ला सातांनी भागले की १६० येतात. पहिला संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ यांनी पाठवला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या.

त्या १२८ खणांत देवनागरीला जागा नव्हती. म्हणून जगातील इतर लिप्यांसाठी दुसरी रीत ठेवली गेली: प्रत्येक चिन्हाला सोळा बिट. १,१२० ला सोळांनी भागा, उत्तर येते ७०. आपले दारिद्र्य आहे ते एवढेच. ते भाषेचे नाही, मापाचे आहे.

त्यातही एक मेख आहे. आपण ‘क्षेमकुशल’ हा शब्द पाच अक्षरी मानतो. यंत्र मात्र क, हलन्ताची खूण, ष, मात्रा, म, क, उकार, श, ल अशी नऊ चिन्हे मोजते. काना, वेलांटी, अनुस्वार, सारे वेगळे मोजले जातात. ‘सर्व सुखरूप पोहोचलो, काळजी नसावी.’ हे आपल्या घरोघरचे वाक्य घ्या. मधल्या मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून त्याची ३३ चिन्हे होतात. म्हणजे जवळजवळ अर्धा संदेश तेथेच संपला. आणि शंभर चिन्हांच्या इंग्रजी मजकुरात कौतुकाने एकच ‘श्री’ देवनागरीत घातला, तर सबंध संदेश सोळा बिटांच्या मापाने मोजला जातो आणि त्याचे दोन तुकडे होतात. तुकडे झाले की प्रत्येकावर ‘हा कितवा’ ही खूणचिठ्ठी लावावी लागते. तिला सहा बाइट जातात, म्हणून तुकड्यागणिक ७० ऐवजी ६७ चिन्हेच बसतात. बँकेच्या मराठी संदेशाचे कोडे येथे उलगडते.

या अडचणीवर तोड काढली गेली नाही असे नाही. २०१० च्या आसपास आंतरराष्ट्रीय नियमावलीत भारतीय भाषांचे सात बिटांचे तक्ते समाविष्ट झाले. हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, उडिया आणि उर्दू अशी नावे त्यांत आढळतात. मराठीचे वेगळे नाव नाही. देवनागरीचा तक्ता हिंदीच्या नावाने आहे. या रीतीने एका संदेशात १५५ चिन्हे मावतात. परंतु पाठवणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या, अशा दोन्ही फोनांत तोच तक्ता असल्याशिवाय अक्षरांचा गोंधळ होतो. त्यामुळे व्यवहारात सोळा बिटांची जुनी रीतच रूढ राहिली. चौकोन उमटण्याचे दुखणे मात्र पुष्कळसे बरे झाले. भारतीय मानक ब्यूरोने २०१६ साली केलेल्या मानकात सर्व बावीस भाषांतील मजकूर फोनवर वाचता आला पाहिजे, अशी अट घातली.

संदेशाच्या माथ्यावर आणखी एक अदृश्य खूण असते, तीही गृहिणींना ठाऊक असावी. आलेला मजकूर फोनने कोठे ठेवावा, हे ती खूण सांगते. शून्य वर्गाचा संदेश आपण न उघडताच थेट पडद्यावर झळकतो आणि आपोआप साठवला जात नाही. पहिल्या वर्गाचा फोनच्या स्मृतीत जातो, दुसऱ्या वर्गाचा सिम कार्डात, तिसऱ्या वर्गाचा फोनला जोडलेल्या यंत्रात. तेव्हा अचानक पडद्यावर काही झळकले, म्हणजे ते सरकारी वा तातडीचेच असे समजू नये. झळकणे हा केवळ ठेवण्याचा प्रकार आहे, खरेपणाचा दाखला नव्हे. अशा संदेशात कोणी गुप्त अंक मागितले, तर ते देऊ नयेत.

२०२३ साली देशात आपत्तीच्या इशाऱ्यांच्या चाचण्या झाल्या आणि फोन मोठ्याने किंचाळले, ते आपणांस आठवत असेल. ती योजना वेगळी आहे. तेथे संदेश माणसाला नव्हे, मनोऱ्याच्या टापूला पाठवतात. त्या टापूत जो असेल त्याच्या पडद्यावर तो उमटतो. त्या नियमांतील भाषांच्या पहिल्या यादीत जर्मन, इंग्रजी, फ्रेंच अशी युरोपीय नावे आहेत, भारतीय एकही नाही. पण मजकुराच्या आरंभी भाषेची दोन अक्षरी खूण लावण्याची मुभा आहे आणि मराठीसाठी ‘एम आर’ ही आंतरराष्ट्रीय खूण ठरलेली आहे. म्हणजे इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी घरात पुराचा इशारा मराठीतून येण्यास तांत्रिक आडकाठी नाही. प्रश्न उरतो तो पाठवणाऱ्याच्या इच्छेचा, आणि आपण ते मागण्याचा.

आता घराघरांत इंटरनेटवरून संदेश जातात. त्यांना सत्तर चिन्हांचे बंधन नाही आणि काटकसरीचे ते कारणही उरलेले नाही. तरीही आपली मुले ‘के, ए, एल’ असेच लिहितात, कारण सवय राहिली आहे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत तर ही सवय अधिकच जोखमीची. येथील मुलांच्या मनात हिंदीचा ‘कल’ आधी येतो, तो कालचाही असतो आणि उद्याचाही. मराठीतला ‘काल’, ‘काळ’ आणि ‘कळ’ त्यांनी कानाने ऐकले असले तरी डोळ्यांनी क्वचितच पाहिलेले असतात.

म्हणून माझी विनंती एवढीच, की दुखण्याखुपण्याचा निरोप देवनागरीत आणि पूर्ण वाक्यात लिहावा, ‘काल’, ‘परवा’ यांच्याबरोबर वार व तारीख घालावी आणि निरोप पाठवून झाल्यावर एकदा फोनही करावा. मुलांना फोनवर मराठी अक्षरे लिहिण्याचा सराव या सुट्टीत द्यावा. आजीला रोज दोन ओळी लिहिल्या तरी पुरे.

माझ्या आईच्या पश्चात तो जुना फोन मी जपून ठेवला आहे. आता तो चालू होत नाही. परंतु मुलगा हल्ली मला जो संदेश पाठवतो, तो देवनागरीत असतो; आणि ‘काल’ लिहिताना तो काना द्यावयास विसरत नाही.