धानाच्या मुलखातील लठ्ठपणा

लठ्ठपणा हा सुखवस्तू शहरी माणसाचा विकार आहे, असे मानण्याचा प्रघात आहे. सालेकसा-देवरीचे नाव निघाले की कुपोषणच आठवते. तेव्हा गोंदिया जिल्ह्यात वाढत्या वजनाची चिंता कोणी वाहावी? परंतु आकडे वेगळे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशातील २०.६ टक्के स्त्रिया व १८.९ टक्के पुरुष अतिवजनाचे वा लठ्ठ होते. २०१९-२१ मध्ये ही प्रमाणे २४ आणि २२.९ झाली.

कुपोषण आणि लठ्ठपणा ही दोन टोके नव्हेतच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे व जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२! पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतील नवजात बाळेही वजनाने हलकी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. गर्भातच उपासमार सोसलेल्या देहाला पुढे थोडी सुबत्ता लाभली की ती प्रथम पोटावर साठते, आणि तिच्यामागून मधुमेह येतो.

अशी सुबत्ता या मुलखातही आली आहे. घरच्या मुसळाने सडलेल्या तांदळाची जागा गिरणीतल्या पांढऱ्याशुभ्र तांदळाने घेतली, नांगराची ट्रॅक्टरने, सायकलची मोटारसायकलने. ताटातील भाताची रास मात्र बापजाद्यांच्या मापाचीच राहिली. दोष भाताचा नव्हे. त्याच भातावर दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणारी बाई सडसडीत राहते. जड जातो तो खुर्चीवर बसणाऱ्याला. डाळ महागली म्हणून ती पातळ करायची आणि पोराच्या हाती पाच रुपयांचे तळलेले पाकीट द्यायचे, ही काटकसर तर अगदीच उफराटी.

आशा कार्यकर्तीच्या तपासणी-अर्जात तिशीपुढील माणसांच्या कमरेच्या मापाचा रकाना आहे. पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा. पण ती दारी येते तेव्हा गुरुजी शाळेत आणि कारकून कचेरीत असतात. नेमके ज्यांचे माप घ्यायचे तेच घरी नसतात. मोजपट्टी काही रुपयांची वस्तू आहे. जिल्हा परिषदेने ती शाळांच्या शिक्षककक्षात व तहसील कचेऱ्यांत पोहोचवावी, आणि अंदाजाने आकडा न लिहिता प्रत्यक्ष मापच नोंदवावे.