मशीन मुंबईत बसतं, माणूस तालुक्यात जगतो

‘अत्याधुनिक यंत्रामुळे रुग्णाला जीवदान’. ही बातमी तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी वाचता. मोठं हॉस्पिटल, हार घातलेला पेशंट, शेजारी हसणारे डॉक्टर. हॉस्पिटलने पाठवलेली प्रेस नोट स्वल्पविरामासकट छापायची आणि खाली ‘प्रतिनिधी’ लिहायचं, झाली बातमी. पेशंट घरी गेल्यावर सहा महिन्यांनी त्याचं काय झालं, हे विचारायला एकही प्रतिनिधी जात नाही. माझ्याच व्यवसायातल्या मंडळींना राग येईल, पण आज यावर बोलायचंच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हार्ट फेल्युअर म्हणजे हार्ट अटॅक नव्हे. हृदयाचा पंप कमजोर होतो किंवा ताठर होतो, रक्त पुढे ढकललं जात नाही. मग पाय सुजतात, दोन पावलं चाललं की धाप लागते, रात्री उशीला टेकून बसावं लागतं. अगदी शेवटच्या टप्प्यातल्या काही पेशंटसाठी एलव्हीएडी नावाचा पंप असतो. तो हृदयाला जोडतात आणि डाव्या कप्प्यातलं रक्त तो थेट महाधमनीत ढकलतो. हे थोतांड नाही. हार्टमेट ३ या पंपावरच्या अभ्यासात पाच वर्षांनंतर ५८ टक्के पेशंट जिवंत होते, त्याच्या आधीच्या मॉडेलवर ४४ टक्के. एरवी ज्यांच्या हातात महिने उरलेले असतात, त्यांच्यासाठी हे खूप आहे. म्हणून मशीनला शिव्या घालणारी ही पोस्ट नाही.

भांडण आहे ते मशीन बसवून झाल्यानंतरच्या जगण्याबद्दल.

या पंपाची वायर पोटातून बाहेर येते. ती कंट्रोलरला आणि बॅटरीला जोडलेली असते. बॅटरीची जोडी फार तर १७ तास चालते. रात्री झोपताना मशीन घरातल्या विजेवर लावायचं. आता सांगा, आपल्याकडे वादळात डीपी उडाली की लाइट कधी येते? वायर जिथून बाहेर येते तिथे रोज ड्रेसिंग लागतं, नाहीतर इन्फेक्शन. एप्रिल-मेच्या उकाड्यात पत्र्याच्या घरात ते कसं सांभाळणार? रक्त पातळ करणारी गोळी कायमची आणि तिचा डोस ठरवायला आयएनआर तपासणी. ती तालुक्याला वेळेवर होत नाही, सॅम्पल जिल्ह्याला जातो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. हा पंप रक्त सलग ढकलतो, ठोके देत नाही. त्यामुळे अशा अनेक पेशंटची नाडी हाताला लागतच नाही. नेहमीचा बीपीचा पट्टा नीट आकडा देत नाही. असा माणूस चक्कर येऊन पडला आणि ग्रामीण रुग्णालयात आणला, तर ड्युटीवरचा माणूस काय समजेल? नाडी नाही म्हणजे गेला! आपल्या किती रुग्णालयांत, किती १०८ च्या गाड्यांवर हे शिकवलंय? शस्त्रक्रियेचा खर्च पन्नास लाखांच्या वर सहज जातो. घरचे शेत विकतात, सोशल मीडियावर मदत मागतात. पण गावाकडच्या दवाखान्याला एक पानभर सूचना पाठवायचं कुणालाच सुचत नाही.

दुसरा प्रश्न, यंत्रच बिघडलं तर? मेडट्रॉनिक या कंपनीने ३ जून २०२१ रोजी हार्टवेअर एचव्हीएडी नावाचा असाच पंप विकणं थांबवलं. या पंपावर मेंदूच्या झटक्यांचं आणि मृत्यूंचं प्रमाण जास्त दिसत होतं, शिवाय बंद पडलेला पंप पुन्हा सुरू न होण्याच्या शंभरावर तक्रारी होत्या. तेव्हा जगभरात सुमारे ४,००० माणसांच्या छातीत तो चालू होता. अमेरिकेच्या एफडीएने मूळ कंपनीला २०१४ मध्येच ताकीद दिली होती, तरी विक्री सात वर्षं चालू राहिली. अमेरिकेत ही कथा, मग आपल्याकडे?

आपल्याकडचं उदाहरण हृदयाचं नाही, खुब्याच्या सांध्याचं आहे. जॉन्सन अँड जॉन्सनचा एएसआर सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तेव्हा हे प्रकरण लावून धरलं होतं, हे आपल्या राज्याचं श्रेय. पण भरपाईचं सूत्र ठरायला २०१८ उजाडलं. तोवर ज्यांच्या शरीरात तो सांधा होता, त्यातल्या बऱ्याच जणांचा पत्ताच लागला नाही. मोटारसायकलची आरसी असते, चेसिस नंबर असतो. माणसाच्या शरीरात बसवलेल्या यंत्राचा नंबर मात्र फाइलमध्ये हरवतो!

तिसरा मुद्दा, ‘नवीन’ म्हणजे ‘चांगलं’ नव्हे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छोटी वाट पाडून डावीकडचा दाब कमी करणारं एक उपकरण आहे, शंट म्हणतात. कल्पना ऐकायला एकदम पटते. ६२६ पेशंटवरच्या अभ्यासात एकूण फायदा दिसला नाही. दुसऱ्या शंटचा ५०८ जणांवरचा अभ्यास २०२४ मध्ये समोर आला. त्यात कमजोर पंपवाल्यांना फायदा दिसला, पण ताठर हृदयवाल्यांना चक्क नुकसान. तेच यंत्र, एकाला तारतं आणि दुसऱ्याला बुडवतं. म्हणून ‘साहेब, माझं हृदय कोणत्या प्रकारचं? या यंत्राचा अभ्यास माझ्यासारख्यांवर झालाय का?’ हे विचारायला लाजू नका.

आणि मशीनच्या फार आधी गोळ्या येतात. कमजोर पंपवाल्या हार्ट फेल्युअरला आज चार प्रकारची औषधं एकत्र देतात आणि त्यांनी आयुष्य वाढतं. त्यातली डॅपाग्लिफ्लोझिन २०२० मध्ये पेटंट संपल्यावर स्वस्त झाली. स्पायरोनोलॅक्टोन तर जुनी, साधी गोळी. ही चारही औषधं सरकारी दवाखान्यात वर्षभर, खंड न पडता मिळाली तर कितीतरी जणांवर मशीनची वेळच उशिरा येईल. पण गोळ्यांच्या वाटपाला हार नाही, फोटो नाही, मथळा नाही.

‘सरकार काय करणार’ म्हणणाऱ्यांना आठवण देतो. २०१७ मध्ये याच सरकारी यंत्रणेने स्टेंटच्या किमतीला चाप लावला. लाखाच्या पुढे विकली जाणारी औषधी स्टेंट तीस हजारांच्या आसपास आली. इच्छा असली की होतं.

म्हणून आमदार साहेब, जिल्हा शल्यचिकित्सक साहेब, चार मागण्या. शरीरात बसवलेल्या प्रत्येक यंत्राची सरकारी नोंद आणि पेशंटच्या हातात मराठीत कार्ड, मॉडेल आणि नंबरसकट. तालुक्यालाच आयएनआर तपासणी. १०८ आणि ग्रामीण रुग्णालयाच्या स्टाफला नाडी न लागणाऱ्या पेशंटचं प्रशिक्षण. आणि हार्ट फेल्युअरची चारही औषधं वर्षभर स्टॉकमध्ये.

यातली एकही मागणी पन्नास लाखांची नाही.

तुमच्या घरात कुणाला पेसमेकर, स्टेंट, व्हॉल्व्ह, काहीही बसवलं असेल तर आज रात्री फाइल काढा. यंत्राचं नाव आणि नंबर सापडतो का बघा. नाही सापडला तर हॉस्पिटलला लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. सापडला की नाही, तेवढंच कमेंटमध्ये लिहा. आकडा घेऊन मी सिव्हिलला जाणार आहे.