फॅशन कापडात की शिलाईत?

साडी किंवा ड्रेस घेण्याआधी त्याची किंमत तो किती वेळा अंगावर येईल त्या आकड्याने भागावी, असा सल्ला हल्ली सगळीकडे मिळतो. 12,000 रुपयांची साडी तीनदाच नेसली, तर एका नेसण्याचे 4,000 पडले. 600 रुपयांचा कुर्ता साठ वेळा घातला, तर एका वेळचे दहाच रुपये. हिशेब बिनचूक आहे. अडचण एवढीच की भाजक दुकानात ठाऊक नसतो. साडी खांद्यावर टाकून आरशात पाहताना प्रत्येकीला ‘होईल की वापर’ असंच वाटतं. नवरात्र, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई, संक्रांतीचं हळदीकुंकू, पाडवा असे प्रसंग मनातल्या मनात मोजून होतात. त्यातल्या निम्म्या वेळी आपण दुसरंच काही नेसणार आहोत, हे मोजायचं राहून जातं. म्हणून या हंगामात जे ‘चाललंय’ त्यातलं काय घ्यावं हे ठरवायला पुढचे अंदाज उपयोगाचे नाहीत. खरेदीच्याच दिवशी डोळ्यांना दिसेल अशी खूण हवी. माझ्या मते तशी एक खूण आहे. समोरच्या वस्तूतलं नवेपण नेमकं कुठे आहे, ते शोधायचं. ते कापडात आहे, शिलाईत आहे, की या दोन्हींत नसून फक्त नटीच्या फोटोत आहे? जास्त पैसे घालायचे ते कापडात. शिलाईतलं नवेपण शिलाईच्याच भावात मिळत असेल तर घ्यावं, आणि फोटोतलं फोटोतच राहू द्यावं.

शिलाईतलं नवेपण किती टिकतं याचे दाखले आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचे आहेत. 1994 मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला आणि माधुरी दीक्षितच्या जांभळ्या साडीबरोबर पाठ उघडी टाकणारं ब्लाउज लग्नाच्या हॉलपर्यंत पोचलं. 2005 मध्ये ‘बंटी और बबली’मुळे कॉलरची आखूड कुर्ती आली, 2007 मध्ये ‘जब वी मेट’ने पतियाळा सलवारीवर टी-शर्ट चढवला, 2015 मध्ये ‘बाजीराव मस्तानी’नंतर घोळदार मस्तानी ड्रेस आले. त्या त्या वर्षी हे सगळं अगदी आवश्यक वाटत होतं. आज ती कॉलरची कुर्ती कुणाच्या अंगावर दिसली, तर ती कुठल्या सालातली हे लगेच सांगता येईल, आणि हीच तिची अडचण आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गिओर्ग झिमेल याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडून ठेवलं होतं, की फॅशन दोन ओढींवर चालते : चारचौघांसारखं दिसावं ही एक आणि चारचौघांत वेगळं दिसावं ही दुसरी. ती सगळ्यांपर्यंत पोचली की वेगळेपणाची ओढ संपते, म्हणून ती संपते. झिमेलच्या काळात हे पोचणं काही वर्षांचं काम होतं. आता रीलवर दिसलेली नक्षी सुरतच्या कापडावर छापून आपल्या गल्लीतल्या दुकानात यायला काही आठवडे पुरतात. पोचण्याचा वेग वाढला तसं आयुष्य कमी झालं, यात नवल नाही.

साडी नेसणाऱ्या बाईला इथे एक सोय आहे, जिचं आपण पुरेसं कौतुक करत नाही. पाश्चात्त्य ड्रेसमध्ये कापड आणि बेत एकमेकांत शिवलेले असतात; बाहीची तऱ्हा जुनी झाली की अख्खा ड्रेस जुना होतो. साडीत ते वेगळे आहेत. सहा वार कापड तसंच राहतं आणि बदलतं ते ब्लाउज. बोट नेक, कटोरी, प्रिन्सेस कट, पफ बाही, कोपरापर्यंतची बाही, पाठीला लटकन : गेल्या चाळीस वर्षांतली बहुतेक फॅशन त्या जेमतेम मीटरभर कापडावर होऊन गेली, आणि साडीच्या घडीला धक्काही लागला नाही. पफ बाही तर जाऊन परतसुद्धा आली. मॅचिंग सेंटरमधून ब्लाउजपीस आणि अस्तर घ्यायचं, ओळखीच्या टेलरकडे टाकायचं, की जुनी इरकल किंवा नारायणपेठ या वर्षीची दिसू लागते. तेव्हा हंगामी फॅशनची हौस असेल, आणि असावीच, तर ती ब्लाउजवर भागवावी. यावर कुणी म्हणेल, हल्ली ब्लाउजच साडीहून महाग झालंय. खरं आहे. आरी वर्कच्या ब्लाउजला नवऱ्या मुली हजारो रुपये मोजतात. पण ते करताना फॅशन पुन्हा एकदा महागड्या भागात शिवली जाते, आणि तीही एकाच मापाला. दंडात बाही अडकू लागली की ते सगळं मणीकाम कपाटात जातं. कुठल्याही ब्लाउजला आतून इंचभर तरी मार्जिन सोडून घ्या, आणि भरतकाम बाजूच्या शिवणीपर्यंत नेऊ देऊ नका, म्हणजे उसवून सैल करता येईल.

आता खणाचं पाहू. यात सगळा वाद एका कापडात दिसतो. खण हे उत्तर कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं कापड. आपल्याकडे इरकलीवरची चोळी त्याचीच, आणि देवीची ओटी भरायची तीही खण-नारळाने. गेल्या दहाएक वर्षांत ते एकदम शहरी झालं : खणाचे ड्रेस, खणाच्या पर्सेस, खणाचे आकाशकंदील, गणपतीमागचा पडदा, आणि मग खणाची साडी. या लाटेत नवेपण कापडात आहे असं वाटतं, आणि माझ्याच कसोटीप्रमाणे ती साडी घ्यायला हरकत नसावी. पण खण हा अरुंद पन्ह्याचा, अंगासरशी बसणाऱ्या चोळीसाठी विणलेला. बारीक उठावदार नक्षी, थोडा ताठपणा, काठाला ठसठशीत पट्टी. हे सगळं दीड वीत बाहीवर आणि पाठीवर शोभतं. साडी करायची तर पन्हा रुंद हवा, आणि बाजारातल्या बऱ्याचशा खणाच्या साड्या यंत्रमागावर, मिश्र किंवा पूर्ण कृत्रिम धाग्यात विणलेल्या असतात. त्या जड असतात, उकडतात, निऱ्या फुगतात. म्हणजे नाव जुन्या कापडाचं असलं तरी हातात येतं ते त्याचं चित्र. खणाच्या ड्रेसचंही कमीअधिक तेच. कुर्त्याच्या योकला खण असला तर बरा, घेराला असला तर तो ताठ उभा राहतो. कापड ज्या कामासाठी जन्माला आलं ते काम करत असेल, तर त्याची फॅशन गेली तरी ते वाया जात नाही. खणाची चोळी फॅशनमध्ये नव्हती तेव्हाही बायका घालतच होत्या.

मात्र शिलाईतलं नवेपण झटकन संपतं, या माझ्या म्हणण्याला एक ठळक अपवाद आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. तो म्हणजे शिवलेली नऊवारी. पायजम्यासारखी चढवायची, ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी अशी नावं लावलेली ही साडी नाट्य-नृत्याच्या वेषातून बाहेर आली आणि मंगळागौरीत, पाडव्याच्या शोभायात्रांत, ढोल-ताशा पथकांत पक्की बसली. तिला हंगामी म्हणावं असं काही उरलेलं नाही. का टिकली? कारण तिने एक खरी अडचण सोडवली. नऊवारी नेसता येणारी पिढी घरात उरली नव्हती, आणि ती नेसून मोटरसायकल चालवायची हौस मात्र नव्या पिढीला होती. लेगिंग्जवरची कुर्ती अशीच टिकली, कारण लोकलच्या गर्दीत ओढणी सांभाळणं नकोसं झालं होतं. कुर्त्याला खिसे आले तेही जाणार नाहीत, मोबाइल आहे तोवर तरी. म्हणजे कसोटीला एक पुस्ती जोडावी लागते : शिलाईने काही सोय केली असेल तर ती राहते, नुसता आकार बदलला असेल तर जाते. तरीही शिवलेल्या नऊवारीसाठी आईची जुनी जरीची साडी कात्रीखाली देऊ नये. एकदा कापली की ती पुन्हा साडी होत नाही, आणि एका दिवसाच्या शोभायात्रेसाठी शिवलेली नऊवारी भाड्यानेही मिळते.

कापडात पैसे घाला म्हटलं की लगेच पैठणी डोळ्यांसमोर येते, आणि तिथेच फसगतही मोठी. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर आणि काठ उलट बाजूनेही सुलटीसारखाच स्वच्छ दिसतो, कारण नक्षीचा प्रत्येक रंग हाताने त्या त्या जागी गुंफलेला असतो. यंत्रावरच्या नकलेत मागच्या बाजूला तरंगते धागे किंवा ते कापून काढल्याच्या खुणा दिसतात. नक्कल घेण्यात पाप नाही. सेमी पैठणी म्हणून, त्या भावात, खुशाल घ्यावी. मात्र दरवर्षी निघणारी तिची नवी नावं, अमुक मालिकेतली, तमुक रंगाची, ही शेवटी रंगसंगतीची नावं आहेत. त्यासाठी जास्त पैसे द्यायचं कारण नाही. खरी वीण आणि खरी जर असलेल्या साडीचं वेगळंच बळ असतं. जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे आजही आहेत. जुन्या सिक्विनच्या साड्या विकत घेतो असं म्हणणारं कुणी ऐकिवात नाही. दारावर येणारी बोहारीण कपडा उजेडात धरून पाहायची, विरलेली जागा आणि उसवलेली शिवण शोधायची. तो कुठल्या सिनेमातला आहे हे तिने कधी विचारलं नसेल.

फोटोतल्या नवेपणाबद्दल थोडक्यात. 2017 मध्ये अनुष्का शर्माच्या लग्नातल्या फिक्या गुलाबी लेहेंग्यानंतर पेस्टल रंगांना जोर आला, 2022 मध्ये आलिया भट्टने लग्नात हस्तिदंती ऑर्गेन्झा नेसल्यावर आधीच चाललेल्या ऑर्गेन्झाला आणखी. ऑर्गेन्झा ताठ आणि पारदर्शक असतो. स्टुडिओतल्या उजेडात सुंदर, आणि कार्यालयात पंगतीला बसून उठलं की पडलेली चुणी जात नाही. सिक्विनच्या साडीत टिकल्या शिवलेल्या आहेत की नुसत्या चिकटवलेल्या, हे नखाने पाहावं. शिवाय ‘फक्त ड्रायक्लीन’ अशी चिठ्ठी असेल, तर दोन-चार धुण्यांचे पैसे किमतीत आधीच मिळवावेत. आणखी एक पुरावा दुकानदार स्वतःच पुरवतो. आषाढात, लग्नाचे मुहूर्त संपल्यावर जे सेल लागतात, त्यात कशावर किती सूट आहे ते नीट पाहा. चांगल्या सुती काठपदरावर सूट बेताची असते. गेल्या हंगामात शोकेसमध्ये असलेलं मात्र निम्म्यावर येतं. कुठला माल पुढच्या वर्षी विकला जाणार नाही, याचा त्याचा अंदाज आपल्यापेक्षा नेहमीच चांगला असतो.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप पैशांचा आहे. विणीचं कौतुक करायला कपाट आधीच भरलेलं असावं लागतं, असं कुणी म्हणालं तर त्याला उत्तर देणं सोपं नाही. पहिल्या पगाराची मुलगी फॅशन स्ट्रीटवर, तुळशीबागेत किंवा सगळं काही हजाराच्या आत विकणाऱ्या झुडिओसारख्या दुकानात जाते, तेव्हा तिला कॉलेजातल्या श्रीमंत मैत्रिणीसारखं दिसण्याची संधी पहिल्यांदा मिळालेली असते. तिला हातमागाचं प्रवचन देणं उद्धटपणाचं आहे. पण माझी कसोटी किमतीची नाहीच. पाचशेचे दोन कुर्ते समोर असतील, तर एकाची शिवण उलटून पाहिली की आत अर्धा इंच कापड असतं आणि दुसऱ्याची शिवण कडेलाच ओव्हरलॉक केलेली असते, थोडं वजन वाढलं की संपलं. एकाचं नवेपण छापील सुती कापडात असतं, दुसऱ्याचं खांद्याला पाडलेल्या खिडकीत. मोजके पैसे असणाऱ्या मुलीला हा फरक जास्त उपयोगी आहे. चुकीची खरेदी श्रीमंत मैत्रिणीला परवडते, तिला नाही.

दुसरा आक्षेप असा, की कपडे ही हौस आहे, तिला एवढी हिशेबाची फुटपट्टी कशाला? हौसेला माझा विरोध नाही, आणि रंगाच्या फॅशनला तर मुळीच नाही. नवरात्रातले नऊ रंग घ्या. या शतकाच्या सुरुवातीला एका मराठी दैनिकाने ते लोकप्रिय केले; त्यामागे फारसं शास्त्र नाही. तरी बँकेत, शाळेत, लोकलच्या महिला डब्यात एका दिवशी सगळ्या जणी एकाच रंगात दिसतात, त्यात मजा आहे. ती मजा कपाटातलं काढून नेसण्यात होती, तोवर फुकट होती. नऊ दिवसांच्या नऊ नव्या खरेद्या हा बाजाराने केलेला विस्तार आहे. संक्रांतीच्या काळ्या साडीचंही तेच. थंडीत काळा रंग ऊब धरतो, म्हणून चंद्रकळा आली. ती एक असली की पुरते. उलट मॉलमध्ये ऑक्टोबरच्या उकाड्यात मखमली जॅकेट आणि गळाबंद स्वेटर ‘विंटर कलेक्शन’ म्हणून टांगले जातात, तेव्हा तो हंगामच आपला नसतो. महाबळेश्वरला दोन दिवस जायचं असेल तर शाल पुरते.

तेव्हा या सणासुदीच्या खरेदीपुरतं माझं मत असं : खणाचं ब्लाउज घ्या, खणाची साडी नको. सेमी पैठणी सेमीच्या भावात घ्या. ऑर्गेन्झा घ्यायचाच असेल तर ओढणीपुरता. सिक्विनची साडी एका रिसेप्शनसाठी मैत्रिणीकडून मागून नेसा. आणि हातात पैसे उरले, तर दिवाळीच्या गर्दीत ते संपवू नका. चांगली सुती काठपदराची साडी आषाढात निवांत पाहून घ्या, तेव्हा दुकानदारालाही घड्या उलगडून दाखवायला वेळ असतो.