नानकटाईचं गणित

एप्रिल-मे महिन्यांत आपण वर्षाचा गहू भरतो. ऊन दाखवायचं, कडुनिंबाचा पाला घालायचा, कोठीला झाकण लावायचं. मग भाव वर गेला काय नि खाली आला काय, फारशी झळ लागत नाही. पण आमच्या बचत गटातल्या ज्या बायका नानकटाई, खारी करून विकतात, त्यांना ही सोय नाही. मैदा साठवला की पावसाळ्यात जाळी धरते, किडे होतात. आणि एकदम घ्यायला पैसा तरी कुठला? पोतं संपलं की दुसरं आणायचं, त्या दिवशी असेल त्या भावाने.

2022 साल आठवा. तो मार्च देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा ऐन भरण्याच्या वेळी सुरकुतला. असल्या गव्हात कोंडा जास्त, मैदा कमी. त्यात युक्रेनचं युद्ध आणि परदेशातून मागणी. हमीभाव होता क्विंटलला 2015 रुपये. व्यापारी त्याहून जास्त देऊ लागले. आदल्या वर्षी 433 लाख टनांच्या घरात असलेली सरकारी खरेदी 188 लाख टनांवर आली. 13 मेला निर्यातबंदी झाली, ऑगस्टमध्ये मैद्या-रव्याच्या निर्यातीवरही बंधनं आली. तरी भाव चढेच!

आमच्या एका भगिनीने गणपतीतच दिवाळीची ऑर्डर ठरल्या भावाने घेतली होती. "ताई, शब्द दिलाय, आता वाढवून कसं मागू?" तिने माल दिला. दोन आठवडे भट्टीपुढे बसून हाती काय उरलं, हे तिने घरी सांगितलंच नाही.

निर्यातबंदी मला सरसकट पटत नाही. गहू पिकवणारीही आपलीच बहीण, तिला चार पैसे मिळायच्या वेळीच दार लावायचं? जानेवारी 2023 मध्ये सरकारने 30 लाख टन गहू खुल्या बाजारात काढायचं जाहीर केलं, तेव्हा भाव उतरले. हे दिवाळीआधी का नाही झालं? शिवाय त्या लिलावात बोली लावायची तर किमान 10 टनांची! म्हणजे गहू गिरणीवाल्याकडे, आणि आमच्या बायका त्याच्या दारात. तालुक्याच्या ठिकाणी बचत गटांना त्याच दराचा मैदा मिळायला काय हरकत आहे?

तोवर आम्ही ऑर्डरच्या वहीत एक ओळ घातली आहे : 'भाव आठ दिवसांपुरता.' दोन गिऱ्हाइकं रुसून गेली. बाकीची टिकली.